प्लस-मायनस तीन मीटर

केगावच्या माळावर सकाळी साडेसातला
आम्ही ट्रायपॉड रोवतो.
मार्चच आहे, पण पितळी स्क्रू आताच चटका देतो.
कोनापुरे सर म्हणतात, थांबा जरा,
आकाश उघडं असलं तरी ओळख पटायला वेळ लागतो.
शून्य. एक. तीन. मग एकदम अकरा.
कुणी आपले, कुणी परक्या देशांचे,
गड्ड्यावर पाळण्याभोवती पोरं जमावीत
तसे उपग्रह स्क्रीनवर जमतात.

जागा सांगायला तीन पुरतात,
असं मी पहिल्या वर्षी लिहिलं होतं.
सरांनी लाल शाईत विचारलं : आणि चौथा?

चौथा, तुमच्या हातातलं स्वस्त घड्याळ
किती चुकतंय ते पकडायला.
सेकंदाचा दहा लाखावा भाग इकडंतिकडं झाला
की तुम्ही तीनशे मीटर लांब.

नान्नाला हे सांगितलं.
बॉबिन बदलता बदलता तो म्हणाला,
मिलचा भोंगा बंद पडला त्या वर्षी
अख्खी पेठ अशीच कुठं कुठं जाऊन पडली.
तुझा मोठा काका भिवंडीत. धाकटा, सुरतेत.

त्याला तलावाचा फोटो दाखवला, आकाशातून काढलेला.
मोठा करत नेला, करत नेला,
शेवटी नुसते चौकोन उरले.
हे तर नक्षीचं कागद, तो म्हणाला,
आणि चष्मा लावून मोजायला बसला.
चादरीवरचा मोर बावीस घरं,
सिद्धेश्वराचा तलाव कितीतरी जास्त.
काठावर मात्र अडला.
अर्धं पाणी, अर्धी पायरी, असं एक करडं घर.
हे चुकलंय, म्हणाला.
अर्धं घर नसतं.
दोरा एक तर वर, नाही तर खाली.
(या करड्या घरावर आमचा अख्खा एक पेपर आहे,
पण मी बोलले नाही.)

प्रोजेक्टला मी आमचीच गल्ली घेतली.
मुजम्मिल नदाफनं काठी धरली, मी आकडे.
गल्ली एवढी अरुंद की वरून आलेला सिग्नल
आधी समोरच्या पत्र्यावर आपटतो,
मग भिंतीवर, मग आमच्याकडं,
उशिरा, शाळेतून भटकत आलेल्या पोरासारखा,
आणि आल्यावर खोटं सांगतो.
त्यानं आम्हाला
राजमणी अक्काच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं.
अक्का खिडकीतून हसली. आलीसच तर कूर्चो,
शेंगाची चटणी कुटलीय ताजी.

तीन मीटरची चूक चालते, सर म्हणतात.
आमचं घरच दहा फूट रुंद.

मग फॉर्म. इमारतीचा प्रकार :
एक निवासी, दोन व्यापारी, तीन औद्योगिक, चार इतर.
एकच निवडा.
खाली दोन माग. मागांवर फळ्यांचा माळा,
तिथं आम्ही चौघं झोपतो,
खालची खडखड थांबली की दचकून जागे होतो.
उंबऱ्यावर मांडीत सूप घेऊन अम्मा,
हजार विड्या पुऱ्या व्हायच्या आत
तिला हाक मारायची नसते.

चार टाक बे, मुजम्मिल म्हणाला, ऊन लागायलंय.
मी रकाना मोकळा सोडला.
रात्री संगणकानं तो लाल करून परत दिला.
एक टाकलं. खोडलं. तीन टाकलं.
तीनवर आमच्या अंथरुणांना जागाच राहिना.

अम्मानं दोऱ्याची गाठ दातानं तोडली
आणि वाकून स्क्रीनकडं बघितलं.
आपली भिंत कुठली यातली?
मी बोट ठेवलं.
ही राजमणीच्या अंगणात घुसलीय की गं.
हो अम्मा, थोडी चूक असते.
थोडी?
आकड्याचं बघ मग सावकाश,
आधी ती भिंत मागं घे.
कोर्टात जातात लोक एवढ्यावरून.